व्यंगचित्राला आधी घाबरतं कोण? तुर्कस्तान, आणीबाणी आणि आपल्या गल्लीतला मांडव

टिळकवाडीकर (धागा)

१९९७ च्या डिसेंबरात तुर्कस्तानातल्या सिर्त गावी इस्तंबूलच्या तेव्हाच्या महापौरांनी जाहीर सभेत एक कविता म्हटली. त्या कवितेपायी त्यांना दहा महिन्यांची शिक्षा झाली आणि १९९९ मध्ये त्यातले चार महिने त्यांनी प्रत्यक्ष तुरुंगात काढले. महापौरांचं नाव रेजेप तय्यिप एर्दोआन. पुढे २००३ मध्ये ते पंतप्रधान झाले, २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष.

कवितेसाठी गजाआड गेलेला माणूस सत्तेवर आला की निदान कवी, नकलाकार, व्यंगचित्रकार यांना मोकळा श्वास मिळेल, असं वाटायला हवं. घडलं उलटं. तुर्कस्तानच्या दंडसंहितेत कलम २९९ आहे: राष्ट्राध्यक्षांचा अपमान केला तर एक ते चार वर्षं कैद. २०१४ ते २०२० या काळात या कलमाखाली १,६०,१६९ चौकशा सुरू झाल्या, ३५,५०७ खटले दाखल झाले आणि १२,८८१ जण दोषी ठरले. आकडे तिथल्या न्याय मंत्रालयाचेच आहेत. मला यातली शिक्षा झालेल्यांपेक्षा उरलेल्यांची संख्या जास्त छळते. सव्वा लाखाच्या आसपास चौकशा खटल्यापर्यंत पोचल्याच नाहीत. पण त्या प्रत्येक घरी पोलीस जाऊन आले असतील, नोकरीच्या ठिकाणी कळलं असेल, सासरी-माहेरी कुजबुज झाली असेल. कलमाचं काम तिथेच झालं.

एका डॉक्टरने एर्दोआन यांची छायाचित्रं एका गाजलेल्या इंग्रजी चित्रपटातल्या विद्रूप पात्राशेजारी ठेवून पोस्ट टाकली. नोकरी गेली, खटला झाला, आणि ते पात्र मुळात दुष्ट की चांगलं हे ठरवायला न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. एका देशाची न्यायव्यवस्था कशात खर्ची पडली ते बघा.

आता व्यंगचित्रांचं. 'जुम्हुरियेत' दैनिकाचे मूसा कार्त यांनी एर्दोआन यांना लोकरीच्या गुंड्यात अडकलेलं मांजर काढलं. एर्दोआन न्यायालयात गेले. त्यावर 'पेंग्वेन' या व्यंगसाप्ताहिकाने २००५ मध्ये मुखपृष्ठावर त्यांना बेडूक, उंट, हत्ती अशा कितीतरी प्राण्यांच्या रूपात छापलं. त्याबद्दलचा दावा न्यायालयाने फेटाळला. म्हणजे तेव्हा तिथे न्यायाधीश उभे राहत होते. २०१५ मध्ये त्याच 'पेंग्वेन'च्या दोन चित्रकारांना ११ महिने २० दिवसांची शिक्षा झाली, नंतर ती दंडावर आली. २०१६ मध्ये मूसा कार्त सहकाऱ्यांसह तुरुंगात. २०१७ मध्ये 'पेंग्वेन' बंद. घटता खप हेही बंद होण्याचं एक कारण होतंच, पण नवा अंक काढायची उमेद कुणाला उरणार?

हे सगळं मी इथे बेळगावात बसून का लिहितोय? आमच्या भागातल्या एका मंडळाने मागे गणेशोत्सवात एक सजीव देखावा बसवला होता. राजा, प्रधान आणि फक्त स्तुती ऐकू येणारा दरबार. कुणाचं नाव नाही, पक्ष नाही, झेंडा नाही. पोरांनी महिनाभर तालीम केली. पोलिसांचा आक्षेप नव्हता, कुणाची तक्रार नव्हती. मोठी वर्गणी देणाऱ्या एका गृहस्थांनी एवढंच विचारलं, "हे कशाला यंदा?" मग मांडववाला म्हणाला, माझं सामान मोडलं तर भरून कोण देणार. मग कुणाला तरी आठवलं की पुढच्या वर्षीही महापालिकेची, पोलिसांची, हेस्कॉम या वीज कंपनीची परवानगी लागणार आहे. देखावा गेला आणि त्या जागी किल्ला आला.

माझं म्हणणं इतकंच आहे की नकला करणाऱ्याचा घसा सहसा थेट कुणी धरत नाही. त्याच्यात आणि प्रेक्षकांत जी माणसं उभी असतात, संपादक, छापखानेवाला, जागेचा मालक, मंडळाचा अध्यक्ष, ती आधी वाकतात. त्यांना धीर द्यायची सोय समाजाकडे नसेल तर घटनेतलं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम १९ कितीही भक्कम असू दे, उपयोग नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

शहापूर प्रेस

मी छापखान्यात आयुष्य घालवलं, म्हणून मधल्या माणसाबद्दल लिहितो.

आमच्या काळी छापील पुस्तकावर, पत्रावर मुद्रकाचं नाव आणि पत्ता असे. तो हौसेने छापत नसत. १८६७ च्या कायद्याने ते बंधनच होतं. लेखक टोपणनावाने लिहू शकतो, चित्रकार नुसती आद्याक्षरं टाकू शकतो, मुद्रकाला लपता येत नसे. सरकारने ही योजना फार विचार करून केलेली होती. व्यंगचित्राचं तर आणखी अवघड. मजकूर आम्ही अक्षरांचे खिळे जुळवून घरच्या घरी लावत असू, चित्राचा जस्ताचा ब्लॉक मात्र बाहेरून करून आणावा लागे. ब्लॉकवाला चित्र बघे, त्याचा नोकर बघे. छापायच्या आधीच गावाला खबर.

आणीबाणीत २६ जून १९७५ पासून बातम्यांना पूर्वतपासणी लागली. काही वृत्तपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तर पुढे कोरी जागा सोडायलाही मनाई झाली. दोनच दिवसांत मुंबईच्या 'टाइम्स'मध्ये छोट्या जाहिरातींत लोकशाहीच्या निधनाची वार्ता छापून आली, माणसाच्या नावासारखी अक्षरं फोडून. जाहिरात खिडकीवर घेणाऱ्याला कळली नाही की त्याने कळूनही घेतली, हे मला नेहमी जाणून घ्यावंसं वाटतं.

अबू अब्राहम यांचं ते चित्रही आठवा. राष्ट्रपती न्हाणीघरात टबात बसलेत आणि दाराआडून आलेल्या वटहुकमावर सही करून कागद परत देताहेत. डिसेंबर १९७५, 'इंडियन एक्स्प्रेस'. तेवढं एक चित्र सुटलं आणि अख्ख्या आणीबाणीचा कारभार त्यात मावला. उलट 'शंकर्स वीकली' १९४८ पासून चाललेलं, ज्याच्या संपादकाला नेहरूंनी मला सोडू नकोस म्हणून सांगितलेलं, ते ऑगस्ट १९७५ मध्ये बंद झालं. हुकूमशाहीला हसणं परवडत नाही, असं शंकर निरोपाच्या लेखात लिहून गेले.

---

निपाणकर

टिळकवाडीकर, तुमचं लिखाण पटतंय, पण मी दुसरी बाजू सांगणार. राग धरू नका.

आमच्याकडं एखाद्यानं मोबाईलवर कायतरी वंगाळ टाकलं, महापुरुषाची विटंबना केली, की दुपारपर्यंत बाजारपेठ बंद होते. नुकसान कुणाचं होतंय? टाकणारा घरात बसतो. हातगाडीवाल्याचा भाजीपाला कुजतो. बिड्या वळणाऱ्या बायकांचा दिवस बुडतो, त्यांना हजार बिड्यांवर पैसे, सुट्टीचे कोण देणार? तवा मंडळाच्या अध्यक्षानं "नको बाबा" म्हटलं तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याला गल्ली सांभाळायची असते.

आणि दुसरं. आपण मराठी माणसं इथं आधीच ताणाखाली. एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीला परवानगी मिळेल की नाही याची दरवर्षी धाकधूक. २०१४ साली येळ्ळूर गावचा 'महाराष्ट्र राज्य' असा फलक काढला तेव्हा काय झालं, सगळ्यांनी बघितलंय. अशात आपणच आपल्या पुढाऱ्यांची टिंगल करायला लागलो तर समोरच्याला आयतंच कोलीत. आधी एकी, मग विनोद. हे माझं मत आहे, आणि ते मी विचार करून मांडलंय.

---

खानापूरची शिक्षिका

निपाणकर दादा, बायकांच्या बुडणाऱ्या मजुरीचा मुद्दा तुम्ही मांडलात, तो इथे कुणीच मांडत नाही. त्याबद्दल आधी आभार.

पण बीदरचं बघा. तेही आपल्यासारखंच सीमेवरचं. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या एका शाळेत नागरिकत्व कायद्यावर मुलांनी नाटक केलं. राजद्रोहाचा गुन्हा नोंदला. मुख्याध्यापिका आणि एका विद्यार्थिनीची आई, दोघींना अटक झाली. पोलीस गणवेशात शाळेत येऊन लहान लहान मुलांना पुन्हा पुन्हा विचारत होते, संवाद कुणी लिहून दिले. उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये शाळेच्या व्यवस्थापनावरचा गुन्हा रद्द केला. साडेतीन वर्षांनी. तोवर ती मुलं वरच्या वर्गांत गेली असणार.

मी शिक्षक म्हणून सांगते, त्या निकालाने कुठल्याही शाळेत धीर आला नाही. आमच्याकडे स्नेहसंमेलनाची संहिता आता आधी वाचून घेतात. पूर्वी अश्लील शब्द आहे का बघायचे, हल्ली "मंत्री" हे पात्र आहे का बघतात. मुलांना मात्र सगळं कळतं. एका मुलाने मला विचारलं, बाई, तेनालीरामन राजाला बोलला तर चालतं, मग आम्ही का नाही? मी त्याला धड उत्तर दिलं नाही, कारण स्टाफरूममध्ये ते पोचलं असतं. टिळकवाडीकर म्हणतात ती मधली माणसं म्हणजे आम्हीच.

एकनाथांच्या भारुडात जोशी येतो, महार येतो, वेडी-बहिरी येतात आणि समोर बसलेल्या प्रतिष्ठितांना खरं ऐकवून जातात. बतावणीतला सोंगाड्या राजासमोर उभा राहून राजाचीच हजेरी घेतो. हे आपल्या मातीतलं आहे. ते बाहेरून आलेलं फॅड आहे अशा सुरात कुणी बोललं की मला फार वाईट वाटतं.

---

धारवाडहून

माहेर बेळगावातलं अनगोळ, सासर धारवाड, म्हणून दोन्हीकडचं थोडं थोडं दिसतं.

आपल्या धाग्यात कन्नड बाजू कुणीच आणली नाही, ती मी आणते. कन्नड लेखक पी. लंकेश यांनी १९८० मध्ये 'लंकेश पत्रिके' हे साप्ताहिक काढलं. मुख्यमंत्री असो की मठाधीश, कुणाचीही गय नाही, आणि भाषा अशी की चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचावी. तिच्यामागचं एक साधं शहाणपण मला महत्त्वाचं वाटतं: जाहिरात घ्यायची नाही. अंक विकेल तेवढ्यावर चालायचं. जाहिरातदारच नसेल तर त्याला घाबरवून संपादकाला गप्प करता येत नाही. टिळकवाडीकरांच्या मधल्या माणसांपैकी एक माणूस त्यांनी मुळातच वगळला.

त्यांच्या मुलीचं, गौरीचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये हुबळीच्या न्यायालयाने बदनामीच्या खटल्यात त्यांना सहा महिन्यांची शिक्षा सुनावली, जामीन मिळाला. ५ सप्टेंबर २०१७ ला बेंगळूरमध्ये घराच्या दारात गोळ्या घातल्या. त्याआधी ३० ऑगस्ट २०१५ ला आमच्या धारवाडात कन्नड संशोधक कलबुर्गी सर, त्याच वर्षी फेब्रुवारीत तुमच्या शेजारी कोल्हापुरात पानसरे अण्णा. धारवाड आणि कोल्हापूर यांच्या मधोमध बेळगाव येतं. भाषेचा वाद आपल्या जागी, पण गोळीने भाषा विचारली नाही. म्हणून माझी विनंती आहे, व्यंगाच्या बाजूने उभं राहताना मराठी-कन्नड असा हिशेब मांडू नका.

निपाणकर अण्णा, "आधी एकी, मग विनोद" हे वाक्य मी सासरी कन्नडमध्येही ऐकलंय, शब्दही जवळपास हेच.

---

कॅम्पातला वकील

कायद्याचं थोडं सांगतो. मंडळाच्या पोरांना उपयोगी पडेल.

निपाणकरांच्या दंगलीच्या भीतीवर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच उत्तर दिलंय, एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात. मोर्चाच्या किंवा हिंसेच्या धमकीला घाबरून अभिव्यक्ती दाबता येत नाही. संरक्षण देणं हे सरकारचं काम आहे, ते जमत नाही असं सरकारला म्हणता येत नाही. म्हणजे बाजारपेठ बंद पडते त्याचा जाब बंद पाडणाऱ्याला विचारायचा, नाटक लिहिणाऱ्याला नव्हे.

प्रत्यक्षात उलटं चालतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये बेंगळूरला विनोदी कलाकार मुनव्वर फारुकी यांचा कार्यक्रम होता. कायदा-सुव्यवस्थेचं कारण देऊन पोलिसांनी आयोजकांना तो रद्द करायला सांगितलं. एकही वाक्य बोललं जायच्या आधी. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारला कुणाल कामरा यांच्या विनोदावरून ज्या जागेत कार्यक्रम झाला होता ती फोडली, आणि लगेच महापालिकेचं पथक त्याच जागेतलं बांधकाम पाडायला आलं. बोलणारा राहिला बाजूला, जागेचं नुकसान झालं. धागालेखकांचा मुद्दा याहून स्पष्ट काय होणार?

पश्चिम बंगालमध्ये जादवपूर विद्यापीठाच्या एका प्राध्यापकांनी २०१२ मध्ये मुख्यमंत्र्यांवरचं व्यंगचित्र नुसतं पुढे पाठवलं, तर अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६-अ कलमाचा त्यात वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. तरी त्या गृहस्थांची खटल्यातून सुटका व्हायला २०२३ उजाडलं. बघा, बंगालमधला पक्ष वेगळा, मुंबईतला वेगळा, बीदरला वेगळा. हा एका पक्षाचा रोग नाही.

आताची परिस्थिती अशी. राजद्रोहाचं १२४-अ सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित ठेवलं. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत कलम १५२ आलंय, शब्द वेगळे पण धार तीच आहे, असं माझं मत. दिलासा देणारी एक गोष्ट मात्र आहे. २८ मार्च २०२५ ला एका खासदाराने टाकलेल्या कवितेवरचा गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने जोखायचा, जरा काही झालं की हादरणाऱ्याच्या मापाने नाही. आणि तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या प्रकरणांत पोलिसांनी वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करावी, मग गुन्हा नोंदवायचा की नाही ते ठरवावं, अशी सोय नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. देखाव्याची संहिता लिहून ठेवा, तारखा घाला, तालमीचं चित्रण जपून ठेवा. पोलीस आले की हेच दाखवायचं असतं.

---

शहापूर प्रेस

निपाणकरांनी महापुरुषांचा विषय काढला म्हणून एक जुनी गोष्ट. १८९७ मध्ये 'केसरी'त एक कविता छापली गेली. शिवाजी महाराज परत येऊन आपल्या मुलखाची दशा बघतात आणि बोलतात, अशी. त्या कवितेचा आणि काही मजकुराचा आधार घेऊन टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. म्हणजे महाराजांच्या तोंडी सत्य घातलं तरी सत्ताधाऱ्याला बोचलं, की गुन्हा. त्याच टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीगची स्थापना केली ती आपल्या बेळगावात. आपण कुठल्या गावात राहतो याची आठवण असू द्या.

---

निपाणकर

वकीलसाहेब, निकाल वाचून बरं वाटलं. पण १९८९ चा निकाल आमच्या ठाण्यातल्या हवालदाराला कोण वाचून दाखवणार? आणि तो वाचेपर्यंत मांडव मोडलेला असतोय. खंबीर मनाचा माणूस कोर्टात असतोय, गल्लीत जमाव असतोय.

धारवाडच्या अक्का, तुमचं वाक्य लागलं. त्यावर विचार करतोय. पण मला टिळकवाडीकरांनी सरळ सांगावं: तुमच्या त्या दरबारात आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे पुढारी बसवणार काय? गटबाजी करून हातच्या जागा घालवल्या त्यांनी, सगळा सीमाभाग बोलतोय. तो देखावा करणार? का फक्त बेंगळूर आणि दिल्लीवर?

---

टिळकवाडीकर

निपाणकर, प्रश्न थेट आहे, उत्तरही थेट देतो. होय, बसवणार.

१७ जानेवारीला आपण हुतात्म्यांना वंदन करतो. १९५६ च्या त्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरांनी मोरारजींना सोडलं नव्हतं, आणि दिल्लीपुढे मान तुकवणाऱ्या मराठी पुढाऱ्यांनाही सोडलं नव्हतं. लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर मुंबई सरकारने बंदी आणली होती, तरी कलावंत थांबले नाहीत. चळवळ मजबूत होती म्हणून ती आपल्याच माणसांवरची टीका पचवत होती. आज आपल्याला ती पचत नसेल तर दुखणं चळवळीत आहे. ते विनोदाच्या माथी मारणं मला मान्य नाही.

डिसेंबर १९७५ चं कराडचं साहित्य संमेलन आठवा. केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष, आणि अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत आणीबाणीच्या विरोधात बोलल्या, आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटक झाली. तिथे यजमान आपलाच होता, मांडव आपला होता, माणसं आपलीच होती. तरी त्या बोलल्या. सरकारच्या विरोधात बोलण्यापेक्षा आपल्या माणसांसमोर बोलणं कितीतरी कठीण असतं, आणि माझा आग्रह नेमका त्यासाठी आहे.

रशियातली एक गोष्ट सांगतो. तिथे 'एनटीव्ही' वाहिनीवर बाहुल्यांचा राजकीय कार्यक्रम चालायचा. पुतिन २००० मध्ये सत्तेवर आले. त्यांची बाहुली कार्यक्रमात दिसू नये, अशी मागणी झाल्याचं लेखक विक्तर शेंडरोविच यांनी सांगितलं आहे. त्यांनी त्या बाहुलीशिवायच एक भाग केला, तिच्या जागी ढग आणि जळतं झुडूप ठेवून. लोकांना बरोबर कळलं. मग कार्यक्रमावर बंदी घालायची गरजच पडली नाही. एप्रिल २००१ मध्ये सरकारच्या नियंत्रणाखालच्या गॅस कंपनीने वाहिनीच ताब्यात घेतली, आणि पुढच्या वर्षी बाहुल्या गेल्या. मालक बदलला की झालं. म्हणून मला वाटतं, आपल्या मंडळाचा मालक एकच मोठा देणगीदार असता कामा नये. लंकेश यांनी अंकाच्या विक्रीवर पत्रिका चालवली तशी घरटी शंभर रुपयांवर मंडळं चालू शकतात. एकाने हात आखडला तरी देखावा उभा राहतो. मांडववाल्याच्या सामानाची हमी गल्लीने लेखी द्यायची, म्हणजे नुकसान एकट्याच्या अंगावर येत नाही. वकीलसाहेबांनी सांगितलेली कागदपत्रं आधीपासून तयार.

हवालदाराला निकाल कोण वाचून दाखवणार, हा तुमचा प्रश्न खरा आहे आणि त्याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. गल्लीतली चाळीस माणसं मांडवात बसलेली असतील तर जमाव थोडा थबकतो, एवढं मात्र अनुभवाने सांगू शकतो.

---

खानापूरची शिक्षिका

संहिता लिहिताना मुलींना भूमिका द्या. दरबारात बायका फक्त आरती ओवाळायला नकोत. सोंगाड्याचं काम मुलगी उत्तम करते, माझ्या वर्गात दोघी आहेत.

---

धारवाडहून

आणि एक प्रवेश कन्नडमध्ये ठेवा. मी लिहून देते. शेजारची कन्नड कुटुंबं मांडवात बसली तर निपाणकर अण्णांची निम्मी काळजी कमी होईल.

---

निपाणकर

कन्नड प्रवेशाला माझी हरकत नाही. एकी मोडेल ही माझी भीती अजून गेलेली नाही, ती मी लपवणार नाही. संहिता इथं टाका. समितीच्या पुढाऱ्यांचा प्रवेश आधी टाका, तो वाचून मग सांगतो निपाणीत आमचं मंडळ करणार का ते.

---

टिळकवाडीकर

तोच प्रवेश आधी टाकतो. रविवारी तालमीचं पहिलं वाचन आहे, त्यानंतर.